तंबाखूचा रकाना

आत्तीचं तोंड मिटायला लागलं तेव्हा आळीतल्या बायका मला म्हणाल्या, "सुटलीस गं बाई!" चेष्टेनं म्हणाल्या, त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. आत्ती म्हणजे माझी सासू, शालन बंडगर. आमच्याकडं सासूला आत्तीच म्हणतात. सकाळी दूधवाल्याशी पाण्यावरून भांडून तिचा दिवस सुरू व्हायचा, आणि मग तोंडाला विसावा नाही. टीव्हीवरच्या बायकांनासुद्धा सल्ले द्यायची. मीही त्या चेष्टेला हसले. खोटं कशाला सांगू, पहिले काही दिवस घरात शांत वाटलं म्हणून बरंच वाटलं मला.

मी स्वप्नाली. विट्यात एका दातांच्या दवाखान्यात नोंदणीचं काम करते. नवरा गलाईच्या दुकानात कोइमतूरला, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या कामाला. आमच्या भागातल्या निम्म्या घरांचे बाप्ये याच कामासाठी परमुलखात असतात. वर्षातून एकदा येतो. घरात मी, आत्ती आणि माझी नऊ वर्षांची ईश्वरी.

दोन हजार एकेचाळीस साली आमच्या दवाखान्यात 'अंकुर' आलं. परदेशातली कंपनी, तिची चाचणी, आणि चाचणीला माणसं आमच्या तालुक्यातली. दात काढायला आलेल्या प्रत्येकीला डॉक्टर शिराळकर तेच समजावून सांगायचे. ऐकून ऐकून मला पाठ झालंय.

दात असतो तोवर चावण्याचा दाब खालच्या हाडाला मिळतो, आणि त्या दाबावर हाड टिकतं. दात काढला की हाडाला काम उरत नाही, आणि बिनकामाचं हाड शरीर पोसत बसत नाही. सहा महिन्यांत जबडा तिथं निम्म्यानं बारीक होतो. मग नवा दात बसवायचा म्हटलं तर स्क्रू कशात रोवणार? म्हणून दात काढल्या काढल्या त्या खड्ड्यात हाडाचा चुरा भरतात. पूर्वी तो जनावराच्या हाडाचा असायचा, नाहीतर मेलेल्या माणसाच्या दान केलेल्या हाडाचा, नाहीतर कारखान्यातला. त्या चुऱ्याचा नुसता आधार. आपल्या पेशी त्यावर चढून आपलं हाड घडवतात, द्राक्षाचा वेल मांडवावर चढतो तसा. पण हे सावकाश होतं आणि निम्म्या वेळा अर्धवट राहतं.

अंकुर त्या चुऱ्याच्या पुढची पायरी होती. बारीक पांढरे दाणे, दोन जातींचे. एका जातीचे दाणे हाड बांधणाऱ्या पेशींना सतत हाका मारायचे. दुसऱ्या जातीचे दाणे म्हणजे ब्रेक. खड्डा भरला, त्यात नव्या रक्तवाहिन्या आल्या, रक्त नीट खेळायला लागलं, की रक्तातल्या प्राणवायूनं ते फुटायचे आणि हाका बंद करायचे. सहा आठवड्यांत जबडा पहिल्यासारखा. मी स्वतः एक्स-रे पाहिलेत, डोळ्यांवर विश्वास बसायचा नाही.

नोंदणी माझ्याकडं. पस्तीस रकाने. साखर आहे का, रक्तदाब आहे का, पोटात बाळ आहे का. अकरावा रकाना: तंबाखू, कोणत्याही स्वरूपात. त्याच्या खाली बारीक अक्षरात सूचना होती की तंबाखूचे त्या भागातले सगळे प्रकार नावं घेऊन विचारावेत. प्रशिक्षणात हे दोनदा सांगितलं होतं. पण दिवसाला पंचवीस-तीस बाया, बाहेर बाकावर पोरं रडतायत, आणि नोंदणीचं बोलणं रेकॉर्ड करायला कायद्यानं बंदी, म्हणजे मी काय विचारलं ते कोण बघायला येणार? मी विचारायची, "मावशी, तंबाखू खाता का?" मावशी म्हणायची, "शी! आमच्यात बाया खात न्हाईत." 'नाही'वर टिक. पुढचा रकाना. शेवटी अंगठा.

आत्तीची दाढ किडली तेव्हा मीच तिला आग्रहानं नेलं.

"नको गं, एक दाढ गेली तर काय बिघडतंय? आता काय मला ऊस चावायचाय?"

"फुकट होतंय आत्ती. आणि गाल बसला की म्हातारी दिसाल."

"मग आता काय तरणी दिसतीया व्हय?" म्हणत उठली, जरीच्या काठाची साडी नेसली आणि माझ्या आधी रिक्षात जाऊन बसली.

तिचा फॉर्म मीच भरला. पस्तीसपैकी वीस उत्तरं मला माहीत होती, विचारलीच नाहीत. अकरावा रकाना विचारला, कारण समोर डॉक्टर उभे होते. "तंबाखू खाता का?" आत्ती माझ्याकडं बघून खुदकन हसली. "घरचीच हायेस, आणि मला इचारतीस?"

टिक.

सहा आठवडे झकास गेले. मग कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्यात, सुपारीएवढा गोळा आला. दुखत नव्हता. डॉक्टरांनी जंतुसंसर्ग म्हणून गोळ्या दिल्या. दवाखान्यात तोंडाची उघडझाप मोजायची एक साधी रीत आहे: आपलीच तीन बोटं उभी धरून दातांमध्ये घालायची. चांगल्या माणसाची तीन जातात. आत्तीची दोन जायला लागली, मग जेमतेम एक. त्याच महिन्यात आणखी चार बायका तशाच आल्या. तेव्हा आळीतल्या बायका मला सुटलीस म्हणत होत्या.

एका सकाळी मी ईश्वरीची वेणी घालत होते. आत्ती उंबऱ्यावर बसून मिश्री लावत होती, रोजच्यासारखी. उजव्या हाताचं पहिलं बोट तिनं दातांपाशी नेलं, ते आत जाईना. तिनं दोनदा रेटून बघितलं. मग काही झालंच नाही अशा थाटात करंगळी डबीत बुडवली आणि करंगळीनं घासायला लागली.

माझ्या हातातून वेणी सुटली.

"आत्ती, तुम्हाला मी विचारलं होतं ना, तंबाखू खाता का?"

"मग?" दातांच्या फटीतून ती बोलत होती. "खाते का मी तंबाखू?"

"आणि हे काय आहे?"

तिनं डबीकडं बघितलं, मग माझ्याकडं, माझं डोकं फिरलंय असं. "ही मिश्री न्हवं का. मिश्री काय खायची असती व्हय? दात घासायची असती."

तिला कशाला नावं ठेवू? त्या डबीतली मिश्री मीच भाजलेली होती. दर महिन्याला मागच्या अंगणात चूल पेटवून मी तव्यावर तंबाखू टाकते, काळीभोर होईस्तोवर परतते. धूर डोळ्यांत जातो, ठसका लागतो, मग ती कुटून आत्तीच्या डबीत भरते. माझी आई लावायची, आजी लावायची. तंबाखूची पुडी दुकानातून आणते मी, पुडीवर ते सडलेल्या तोंडाचं चित्र असतं, आणि तरी दवाखान्याच्या खुर्चीत बसून अकराव्या रकान्यावर टिक करताना तो तवा एकदाही माझ्या डोळ्यांपुढं आला नाही. तंबाखू म्हणजे बाप्यांचं व्यसन. मिश्री म्हणजे बायकांचं सकाळचं तोंड धुणं. आमच्याकडं मिश्रीवालीला तंबाखूवाली म्हणून बघा, पदर खोचून भांडायला उठेल.

त्या दिवशी दवाखान्यात जाऊन मी यादी काढली. अंकुर बसवलेल्या एकशे सत्तेचाळीस बायका. गोळा आलेल्या चौघींना फोन लावून सहज विचारलं. चौघीही मिश्री लावत होत्या. एक तर म्हणाली, "सूज आल्यापास्नं जरा जास्तीच लावतीया. त्यानं बरं वाटतंय."

डॉक्टरांना मी आडून विचारलं. "सर, समजा एखादी मिश्री लावत असेल, तर अंकुरचं काय होतं?"

ते एक्स-रे बघत होते. मान वर न करता म्हणाले, "निकोटीननं हिरडीतल्या रक्तवाहिन्या आवळतात. दिवसातून चार वेळा मिश्री म्हणजे तिथं रक्त कधी नीट खेळणारच नाही. ब्रेकच्या दाण्यांना वाटणार, खड्डा अजून भरलाच नाही. ते फुटणार नाहीत. आणि दुसरे दाणे हाका मारत राहणार. हाड वाढतच जाईल, मागं सरकत कानाजवळच्या सांध्यात. सांधा हाडानं भरला की जबडा मिटला तो मिटला." मग त्यांनी मान वर केली. "समजा कशाला? कोणी आहे का?"

"नाही सर. सहज विचारलं."

"असेल तर लगेच सांगा. हाड सांध्यात पोचायच्या आत ब्रेकचं औषध सलाइनमधून दिलं की थांबतं. चार सलाइनचं काम आहे. पण ते औषध फक्त कंपनीकडं आहे, बाजारात कुठंच नाही. आणि कंपनी आधी फॉर्म बघते. पेशंटनं माहिती लपवली असेल तर ती चाचणीतून बाद, औषध नाही. नोंदणी करणाऱ्यानं नीट विचारलं नसेल तर सगळी जबाबदारी कंपनीची, आणि नोंदणी करणाऱ्यावर फौजदारी. दोन वर्षं."

त्यांनी ते नियम म्हणून सांगितलं. मला मात्र ईश्वरी दिसली, कुणाच्या तरी दारात दप्तर घेऊन उभी असलेली.

मी गप्प बसले. अठरा दिवस. आणि त्या अठरा दिवसांत मी स्वतःची समजूत काय घालत होते? की मिश्री सोडली की आपोआप थांबेल. रक्त खेळायला लागेल, ब्रेक फुटतील, कुणाला काही कळायची गरज नाही. त्याच संध्याकाळी मी आत्तीसमोर हात पुढं केला. "डबी द्या."

"का?"

"द्या म्हटलं ना!"

पस्तीस वर्षांची सवय. मला वाटलं, आता महाभारत होणार. पण तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि कमरेची डबी काढून माझ्या हातावर ठेवली. पुढं चार दिवस डोकं धरून पडून होती. हातपाय कापायचे, ईश्वरीवर खेकसायची, मग तिलाच जवळ घेऊन रडायची. पण पुन्हा डबी मागितली नाही. तिनं शब्द पाळला, आणि त्याचा काडीचा उपयोग झाला नाही, कारण ब्रेकचे दाणे ठरावीक मुदतीतच फुटू शकतात, आणि ती मुदत तोवर टळून गेली होती. तेही मला नंतर कळलं. रोज दवाखान्यात तोंडासमोर डॉक्टर असताना मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं.

करंगळीही आत जाईनाशी झाली. भाकरी गेली, मग दुधात कुस्करलेली भाकरी गेली. अठराव्या दिवशी मी तिला पेज भरवत होते आणि चमचा दातांवर खट्ट वाजला. आडवा धरला, तरी आत जाईना. आत्ती घाबरली. मी तिला कधी घाबरलेलं बघितलं नव्हतं. तिनं दोन्ही हातांनी खालचा जबडा धरून ओढला आणि घशातून असा आवाज काढला की ईश्वरी पळत बाहेर गेली.

मी तिला तशीच रिक्षात घालून दवाखान्यात नेलं आणि डॉक्टरांना सगळं सांगितलं. मिश्री, फॉर्म, त्या चार बायका, सगळं.

शिराळकर शांत माणूस. त्यांनी हातातली फाइल टेबलावर आपटली. "अठरा दिवस! अठरा दिवसांपूर्वी मी विचारलं होतं तुम्हाला, तोंडावर! तेव्हा सलाइनवर भागलं असतं. आता सांधा गेलाय. आता पुण्याला नेऊन सांधा कापून मोकळा करायचा, आणि वर महिनाभर ते औषध. नुसतं कापून भागत नाही, औषध नसेल तर कापल्या जागी दुप्पट वाढतं."

"मी लिहून देते सर. मी विचारलं नाही असं लिहून देते."

"गुन्हा दाखल होईल, स्वप्नाली. तुम्हाला नऊ वर्षांची मुलगी आहे."

"लिहून देते म्हटलं ना मी!"

मी लिहिलं, सही केली. आत्ती शेजारच्या खुर्चीत बसून होती, पदर तोंडावर धरून. तिच्यासमोरच सगळं बोलणं झालं. मला वाटलं, तिला आता कशाची शुद्ध आहे? तोंड बंद झालं म्हणजे कानही बंद झाले, असंच मी धरून चालले होते बहुतेक.

कंपनीची चौकशी आठवड्यानं आली. देवस्थळी नावाच्या बाई, बरोबर एक कॅमेरावाला. बाई बोलायला गोड. म्हणाल्या, "तुमचा जबाब वाचला. पण तुम्ही नातेवाईक आहात. सून सासूसाठी असं लिहून देऊ शकते. त्यामुळं आम्हाला पेशंटकडून खातरजमा करावी लागेल. बोलता येत नसेल तर मान हलवली तरी चालते. आणि बाकीच्या एकशे शेहेचाळीस जणींचा निकालही यावरच लागेल, कारण नोंदणी एकाच व्यक्तीनं केलीय."

हे मला आधीच कळवलं होतं, म्हणून आदल्या दुपारी मी आत्तीला शिकवून ठेवलं होतं. तिला लिहिता येत नाही. "त्या विचारतील, सुनेनं मिश्रीचं विचारलं होतं का. तुम्ही नाही म्हणून मान हलवायची. डावीकडं-उजवीकडं. कळलं? खरं तेच आहे. एवढं केलं की पुण्याला न्यायचंय तुम्हाला." तिनं दोनदा करून दाखवलं. मग माझ्या गालावरून हात फिरवला. वीस वर्षांत पहिल्यांदा.

खुर्चीत तिला बसवलं. आठवड्यात ती निम्मी झाली होती. काढलेल्या दाढेच्या फटीतून नळी घालून मी तिला दूध आणि डाळीचं पाणी देत होते, त्यावर ती जगत होती. कॅमेऱ्याचा दिवा लागला.

"शालनताई, फॉर्म भरताना तुमच्या सुनेनं तुम्हाला मिश्री लावता का, असं विचारलं होतं?"

आत्तीनं माझ्याकडं बघितलं. मग देवस्थळीबाईंकडं बघून मान वरखाली हलवली. हो.

मला वाटलं, गोंधळली. "आत्ती, नीट ऐका—"

"तुम्ही मध्ये बोलू नका. शालनताई, विचारलं होतं, आणि तुम्ही नाही म्हणून सांगितलंत?"

पुन्हा वरखाली. सावकाश, स्पष्ट, कॅमेऱ्याला नीट दिसेल अशी.

"खोटं आहे हे!" मी ओरडले. "आत्ती, खोटं का बोलताय? मरायचंय का तुम्हाला? बाई, मी विचारलंच नव्हतं, मी कुणालाच विचारलं नाही, एकीलासुद्धा नाही!"

देवस्थळीबाईंनी मला ओरडू दिलं. मग एक कागद माझ्यापुढं सरकवला. त्यावर दोन चौकोन होते. "तुमचा जबाब कायम ठेवायचा असेल तर पहिल्यात सही करा. दोन्ही जबाब कोर्टात जातील. पोलिस आज संध्याकाळीच येतील. निकाल लागेपर्यंत उपचार मात्र थांबलेले राहतील, वर्ष लागेल, दोन लागतील. मागं घ्यायचा असेल तर दुसऱ्यात." आणि पेन दिलं.

आत्तीनं खुर्चीवरून हात लांब करून दुसऱ्या चौकोनावर बोट ठेवलं. तेच बोट, उजव्या हाताचं पहिलं.

कोर्टाचा निकाल येईस्तोवर आत्ती उरणार नव्हती, हे खरं होतं. मी पुष्कळ दिवस याच हिशेबावर स्वतःला झोपवलं. पण खोलीत त्या क्षणी मी तो हिशेब केला नव्हता. आणि त्या एकशे शेहेचाळीस जणींपैकी बऱ्याच जणी कोर्टापर्यंत तग धरणार होत्या, हेही मला ठाऊक होतं. मला फक्त एवढं कळलं की मी सुटते आहे. छातीवरचा धोंडा उतरला, आणि मला बरं वाटलं. हे सांगायची लाज वाटते, पण वाटलं तसं सांगतेय. मी दुसऱ्या चौकोनात सही केली.

दवाखान्यात मी अजून कामाला आहे. माझी नोंदणी निर्दोष ठरली. नव्या फॉर्मवर आता मिश्रीचा वेगळा रकाना आहे, ठळक अक्षरांत. आत्ती घरी असते, खाटेवर. नळीची फटही आता भरत आलीय, आतून हाड येतंय. डॉक्टर म्हणाले, नाकातून नळी घालू, पण तरी फार तर दोन महिने काढतील. ईश्वरी शाळेतून आली की तिच्या पायाशी बसून दिवसभराचं सगळं सांगते. आत्ती ऐकते.

एकशे सत्तेचाळीसपैकी मिश्री लावणाऱ्या सगळ्याजणींना कंपनीचं पत्र गेलं: माहिती लपवल्यामुळं आपलं नाव चाचणीतून कमी करण्यात येत आहे. काल दुपारी त्यातल्या एक मावशी घरी आल्या. वेजेगावच्या रंजनामावशी, पन्नाशीच्या, डाव्या कानाखाली गोळा. पत्र पिशवीतून काढून त्यांनी माझ्यापुढं धरलं. दात मिटलेले, त्यामुळं शब्द दबलेले येत होते, पण कळत होते.

"ह्यात म्हणत्यात, मी खोटं सांगितलं. मी कशाला खोटं सांगू? पोरी, तू मला मिश्रीचं इचारलंच न्हवतंस की गं. इचारलं असतंस तर सांगितलं असतं. त्यात काय लपवायचं? डबी तर तवाबी कंबरेलाच हुती." त्यांनी माझा हात धरला. "तू नुसतं त्यास्नी सांग. तू सांगितलंस तर ऐकतील."

मागं खोलीत आत्ती जागी होती. दार उघडंच होतं.

"विचारलं होतं मावशी," मी म्हटलं. "तुम्ही नाही म्हणालात."

मावशींनी हात सोडला, पत्राची घडी घालून पिशवीत ठेवली, आणि पायऱ्या उतरून गेल्या.